भांडण रक्तात असतं की सातबाऱ्यात?

गेल्या मे महिन्यात गावी गेलो, तर वहिनींनी जेवणाची पानं घ्यायच्या आधीच एक जाड गुळगुळीत फाईल माझ्या हातात दिली. पुतण्याच्या शाळेत कुणीतरी येऊन मुलांच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन गेलं होतं. ठशांवरून मुलाची बुद्धी, स्वभाव, कल असं सगळं सांगणारा हा रंगीत रिपोर्ट. पैसे अर्थातच पालकांचे. आत लिहिलं होतं की मुलाची ‘तार्किक बुद्धी’ जन्मतःच कमी आहे, गणिताच्या वाटेला न गेलेलं बरं.

“भावोजी, तुम्ही बायोलॉजी शिकवता. हे खरं असतं का हो?”

मी तोंड उघडायच्या आत पडवीतून काकांचा आवाज आला. “त्याच्या बापाला तरी कुठे येत होतं गणित? रक्तातच नाही. आपल्या रक्तात एकच गोष्ट, कोर्टकचेरी.”

काकांच्या बोलण्यात एक अडचण होती. पुतण्याच्या बापाच्याच आईबापांचा दुसरा मुलगा, म्हणजे मी, गणितात बरा होतो. पण काकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो, आमच्या घराण्याची केस १९८७ पासून चालू आहे आणि तारखांना तेच जातात. शिवाय वहिनींचा प्रश्न रास्त होता. ‘अमुक गोष्टीचं जनुक सापडलं’, ‘प्रेम म्हणजे नुसतं रसायन’, ‘मोबाइलचं व्यसन मेंदूत दिसलं’ अशा बातम्या आठवड्याला एक तरी येतेच. माणूस असा का वागतो, याचं उत्तर आता जीवशास्त्राकडे आहे, असं वाचणाऱ्याला वाटलं तर नवल नाही. माझी रोजीरोटी या विषयावर चालते. म्हणूनच त्याचा हात कुठपर्यंत पोचतो ते सांगतो.

आधी ते ठसे

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात, साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात घडतात. जनुकांचा त्यात वाटा असतोच. पण बाळ पोटात कसं पडलं होतं, बोटावर दाब कुठून आला, वाढीचा वेग किती होता, यानेही रेषा वळतात. म्हणून एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांची जनुकं सारखी असूनही बोटांचे ठसे वेगळे असतात. ज्या ठशांवरून मुलाचं भविष्य सांगायचं, ते ठसेसुद्धा नुसत्या जनुकांनी ठरत नाहीत! आणि ठशावरून गणिताकडे जाणारी वाट तर कुणीच दाखवलेली नाही. वहिनींना मी एवढंच सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण काकांचं ‘रक्तातच’ मागे राहिलं होतं, आणि ते जास्त चिवट आहे.

जनुक काय करतं

जनुक म्हणजे डीएनएच्या लांबलचक धाग्याचा एक तुकडा. पेशीने कुठलं प्रथिन बनवायचं हे त्यात लिहिलेलं असतं. प्रथिन म्हणजे पेशीतलं काम करणारं द्रव्य, कुणी अन्न पचवतं, कुणी प्राणवायू वाहून नेतं. बस. जनुक इथवरच बोलतं. ‘भांडखोरपणा’ नावाचं प्रथिन नाही, ‘काटकसर’ नावाचंही नाही.

मानवी जनुकसंचाचं वाचन २००३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. त्याआधी शास्त्रज्ञांचा अंदाज होता की माणसात लाखभर तरी जनुकं असतील, एवढा गुंतागुंतीचा प्राणी तो. निघाली वीस हजारांच्या आसपास. दोन वर्षांनी भाताचा जनुकसंच वाचला गेला, त्यात आपल्याही देशाचे शास्त्रज्ञ होते. तिथे आकडा आला सुमारे सदतीस हजार. खाचरातलं रोप आपल्या दुपटीच्या जवळ. माणसाचं वागणं जनुकांच्या संख्येत शोधायला गेलं, तर भाताच्या रोपाने आपल्याला व्याख्यान द्यायला हवं.

कलम तेच, आंबा वेगळा

हे सगळं समजून घ्यायला कोकणी माणसाला प्रयोगशाळेची गरज नाही. बाग आहे.

हापूसची कोय लावली तर हापूस मिळत नाही, रायवळ निघतो. म्हणून कलम बांधायचं. खाली रायवळाचं खुंट, वर हापूसची काडी. याचा अर्थ देवगडपासून रायगडपर्यंतची हापूसची झाडं वरच्या भागापुरती एकमेकांची जुळी भावंडं आहेत, जनुकं जवळजवळ सारखी. तरी देवगडच्या कातळावरचा आंबा आणि खाडीकाठच्या मळ्यातला आंबा डोळे मिटून ओळखणारी माणसं आपल्याकडे आहेत. हीच कलमं कर्नाटकात गेली, आफ्रिकेतल्या मालावीतही गेली. मालावीचा हापूस नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात येतो. जात तीच, पण आपला बागायतदार त्याला हापूस म्हणायला तयार नसतो. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच आधारावर: जात पुरेशी नाही, जागाही लागते.

आता साका घ्या. वरून सोन्यासारखा आंबा, कापला की आत पांढरट, आंबूस गर. हापूसला साका होण्याचा कल आहे, हे निखळ जीवशास्त्र. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९८१ मध्ये नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ काढली, तिला साका होत नाही. म्हणजे जनुकांना महत्त्व आहेच. पण एकाच हापूसच्या झाडावर एका फळात साका निघतो, शेजारच्या फळात निघत नाही. फळ झाडावर जास्त पिकू दिलं, काढल्यावर उन्हात पडलं, खालची जमीन तापली, की साका वाढतो. म्हणून जाणता माणूस चौदा आणे तयार झालेला आंबा उतरवतो, लगेच सावलीत नेतो, झाडाखाली गवताचं आच्छादन घालतो. जनुकाने ठेवलेला असतो तो कल. तो कल फळात उतरतो की नाही, हे बऱ्याच अंशी बाहेर ठरतं.

झाडाची ही गत, तर ज्याला भाषा आहे, आठवण आहे, शेजारी आहेत आणि वर वकीलही आहे, त्याचं काय!

‘पन्नास टक्के आनुवंशिक’ हा आकडा

बातमीत हमखास येणारं वाक्य: ‘बुद्धिमत्ता पन्नास टक्के आनुवंशिक.’ वाचणारा समजतो की माझी निम्मी बुद्धी आईबापांकडून आली, निम्मी शाळेतून. या आकड्याचा अर्थ तसा नाहीच. त्याला आपण आनुवंशिकता-प्रमाण म्हणू. एखाद्या गटातल्या माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग त्यांच्या जनुकांतल्या फरकाशी जुळतो, एवढंच ते सांगतं. गटाबद्दल बोलतं, तुमच्याबद्दल नाही. आणि त्या काळातल्या, त्या परिस्थितीतल्या गटाबद्दल.

अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी हे बियाण्याच्या उदाहरणाने समजावलं होतं. ते आपल्या शिवारात आणतो. वेगवेगळ्या जातींचं मिसळलेलं बियाणं घ्या, निम्मं खतावलेल्या मळ्यात पेरा, निम्मं डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत. मळ्यातली सगळी रोपं सारख्याच मातीत आहेत, म्हणून तिथे एक रोप उंच आणि एक बुटकं असेल तर फरक बियाण्याचा, शंभर टक्के. वरकसातही तेच. पण मळा आणि वरकस यांच्यातला फरक मात्र सगळा मातीचा. दोन्ही गटांत आनुवंशिकता-प्रमाण शंभर आणि दोन गटांमधल्या तफावतीत बियाण्याचा वाटा शून्य, हे एकाच वेळी खरं असू शकतं. हे वाक्य दोनदा वाचलंत तरी चालेल, मलाही पहिल्यांदा दोनदाच वाचावं लागलं होतं.

उंचीचंच बघा. खाऊनपिऊन सुखी देशांत उंचीचं हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या घरात आहे. तरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात युरोपातल्या बुटक्यांत गणले जाणारे डच लोक आज जगात सर्वांत उंच आहेत. दीडशे वर्षांत जनुकं एवढी पालटत नाहीत. दूध, आरोग्य, पगार पालटले.

उलटी गंमतही होते. लग्न झालेल्या कोकणी माणसांत मंगळसूत्र कोण घालतं, हे गणितात टाका. घालणाऱ्यांकडे दोन एक्स गुणसूत्रं, न घालणाऱ्यांकडे एक एक्स आणि एक वाय. प्रमाण जवळजवळ शंभर टक्के! म्हणून मंगळसूत्राचं जनुक शोधायला कुणी निघत नाही, कारण इथे रूढी डोळ्यांसमोर दिसते. जिथे ती दिसत नाही, तिथे आपण फसतो.

गणिताच्या रिपोर्टशी याचा थेट संबंध आहे. माणूस किती वर्षं शिकतो, याचा जनुकांशी काय संबंध आहे हे २०१८ मधल्या एका अभ्यासात अकरा लाख लोकांवर तपासलं गेलं. डीएनएमधल्या १,२७१ जागा सापडल्या. एकेका जागेचा परिणाम किती? सरासरी शिक्षणात दोन आठवड्यांचाही फरक नाही. या जागांच्या पलीकडे जाऊन डीएनएभरच्या लाखो जागा एकत्र धरल्या, तरी लोकांमधला सुमारे ११ ते १३ टक्केच फरक सांगता आला. गटासाठी हा आकडा महत्त्वाचा आहे, मी त्याला हसत नाही. पण एका मुलाकडे बोट दाखवून ‘हा शिकणार नाही’ म्हणायला तो कुठेच पुरत नाही.

‘भांडखोर जनुक’ सापडलं होतं ना?

सापडल्याची बातमी झाली होती. १९९३ मध्ये हॉलंडमधल्या एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही पुरुषांमध्ये एमएओए नावाचं जनुक पूर्ण बंद पडलं होतं, आणि ते हिंसक वागत. हे फार दुर्मीळ. पुढे याच जनुकाच्या, बंद न पडलेल्या पण मंद चालणाऱ्या प्रकाराला वर्तमानपत्रांनी ‘योद्धा जनुक’ करून टाकलं. हा मंद प्रकार युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण तिघांत एकाकडे असतो. तिघांतला एक खुनी नसतो, एवढं तर दिसतंच.

२००२ मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातल्या मुलांवरचा अभ्यास आला. लहानपणी ज्यांचा छळ झाला, त्यांच्यात मंद जनुकवाले पुढे जास्त आक्रमक निघाले. ज्यांचा छळ झाला नाही, त्यांच्यात तसा फरक दिसला नाही. इथेही साक्याचीच गोष्ट. तरी २००९ मध्ये इटलीतल्या एका न्यायालयाने खुनाच्या आरोपीची शिक्षा एका वर्षाने कमी केली, आणि त्याच्या कारणांत या जनुकाचा उल्लेख होता. मला हे अजून पचलेलं नाही. स्वभाव जनुकातच असेल तर शिक्षा कमी का करायची? असा माणूस बाहेर येऊन पुन्हा तेच करील, म्हणून उलट वाढवायला नको का? एकाच जनुकावरून दोन्ही निष्कर्ष निघतात, आणि त्यातला कुठला घ्यायचा ते प्रयोगशाळेत ठरत नाही.

मग कोकणी माणूस कोर्टात का जातो?

तो खरंच इतरांपेक्षा जास्त जातो का, हा आणखी वेगळा प्रश्न. पण आपणच आपल्यावर विनोद करतो, तेव्हा जातो असं धरून चालू.

आमचा सातबारा काढला तर एका गट नंबरवर त्रेचाळीस नावं आहेत. त्यातली अकरा माणसं हयात नाहीत, वारसनोंद झालेली नाही. एक चुलत चुलते डोंबिवलीला, दोघे नालासोपाऱ्यात, एका आतेचा पत्ताच नाही. जमीन सामाईक, कुणाचा हिस्सा किती आणे ही आणेवारी आजोबांच्या तोंडी, पोटहिस्सा कागदावर नाही. वरच्या बाजूची कलमं एकाने लावली, जमिनीवर नाव दुसऱ्याचं. गडगा दर पावसाळ्यानंतर थोडा सरकतो, दगडांना पाय फुटतात. आणि तीन वर्षं गावी न आलेला चाकरमानी गणपतीला येतो तेव्हा पहिली चक्कर बांधावर मारतो.

याच्या मागे आणखी एक थर आहे. रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत खोती होती. सरकार आणि कुळं यांच्या मधला वसुलीदार म्हणजे खोत. कसणारा एक, सारा भरणारा एक, हक्क सांगणारा तिसराच. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी संप केला, तो सहा वर्षं चालला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा आला. म्हणजे दोन-तीन पिढ्यांनी डोळ्यांनी पाहिलं की नांगर कुणाचा यापेक्षा कागद कुणाचा यावर जमीन कुणाची ते ठरतं. खोताला कागद वाचता येत होता, म्हणून कुळानेही वाचायला शिकून घेतलं. अशा मुलखात माणूस फेरफाराची नक्कल जपून ठेवतो आणि नोटिशीला नोटिशीने उत्तर देतो, तर ते त्याने नांगर धरण्यासारखंच शिकलेलं आहे.

आणि याची पडताळणी सोपी आहे. त्याच पणजोबांचं रक्त असलेली आमची डोंबिवलीची भावंडं कोर्टाची पायरी चढलेली नाहीत. त्यांच्याकडे भांडायला बांधच नाही.

तारखेच्या दिवशी काकांचं बीपी वाढतं. छातीत धडधडतं, हात थरथरतो. ते सगळं जीवशास्त्र आहे आणि डॉक्टरची गोळी त्यावर काम करते. पण तारीख का पडली, हे बीपीच्या मशीनमध्ये दिसत नाही. ‘का’ या एका शब्दात अनेक प्रश्न असतात. हात का थरथरतो, याचं उत्तर ॲड्रेनलिन. कोर्टात का गेला, याचं उत्तर सामाईक सातबारा. पहिलं उत्तर कितीही बारीक करत नेलं, पार रेणूपर्यंत, तरी त्यातून दुसरं निघत नाही.

पण मेंदूच्या फोटोत तर दिसतं?

मेंदूचं स्कॅन करतात तेव्हा कुठल्या भागात रक्तपुरवठा वाढला ते पाहतात, आणि तो भाग पडद्यावर लाल-पिवळा रंगवतात. चित्र देखणं दिसतं, म्हणून पटतंही लवकर. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा यंत्रात एक सामन मासा ठेवला. (आपल्या रावसाला इंग्रजीत ज्याचं नाव चिकटवतात, तो खरा.) माशाला माणसांचे फोटो दाखवले आणि फोटोतल्या माणसाच्या मनात काय चाललं असेल असं विचारलं. माशाच्या मेंदूत ठिपके उजळले. मासा मेलेला होता, बाजारातून आणलेला.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. स्कॅनमध्ये मेंदूचे हजारो बारीक तुकडे पाडून प्रत्येकाची वेगळी चाचणी करतात. एवढं मोठं जाळं टाकलं की काही ना काही लागणारच. त्याची सुधारणा गणितात केली नाही, तर मेलेला मासाही विचार करताना दिसतो. हेच त्यांना दाखवायचं होतं. २०१२ मध्ये त्यांना त्याबद्दल इग नोबेल हा आधी हसवणारा आणि मग विचार करायला लावणारा पुरस्कार मिळाला.

सुधारणा करूनही मुद्दा उरतोच. मोबाइल पाहताना मेंदूत बदल दिसला, तर त्यात आश्चर्य काय? आरती म्हणताना आणि बांगडे साफ करतानाही दिसेल. मेंदू बंद ठेवून माणूस काहीच करत नाही.

जनुकाचा परिणाम अगदी थेट असेल तरी?

तसंही एक उदाहरण आहे. पूर्व आशियातल्या पुष्कळ लोकांत दारूचं पचन नीट होऊ न देणारं एक जनुक असतं. घोटभर घेतली की चेहरा लाल, मळमळ, धडधड. अशा माणसाला व्यसन लागणं अवघड, शरीरच आडवं येतं. जपानमध्ये दारूच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्यांत हे जनुक असलेले १९७९ मध्ये अडीच टक्के होते, १९८६ मध्ये आठ आणि १९९२ मध्ये तेरा टक्के. तेरा वर्षांत जनुक बदललं नव्हतं. कामानंतर साहेबांबरोबर बसायलाच हवं, अशी रीत असली की शरीराचा नकारसुद्धा माणूस गिळून टाकतो. ज्यांच्या घरात ही कथा घडली आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

मग सगळं संस्कारांवरच का?

नाही. हा खड्डाही तितकाच खोल आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेत डॉक्टर सांगत की मूल स्वमग्न झालं ते आई मायेने वागली नाही म्हणून. असंख्य आयांनी तो दोष उरावर घेतला. आज आपल्याला माहीत आहे की स्वमग्नतेत जनुकांचा वाटा मोठा आहे. तिथे जीवशास्त्राने माणसांना सोडवलं. आपल्याकडेही ‘सून आळशी आहे’ म्हणून वर्षानुवर्षं बोलणी खाल्लेल्या बाईचं थायरॉइड तपासल्यावर घर गप्प झालेलं मी पाहिलं आहे. जिथे शरीरात नेमकं काय बिघडलं ते दाखवता येतं, तिथे जीवशास्त्रासारखा वकील नाही.

पण दाखवता न येता नुसतं ‘रक्तात’ म्हटलं, की काय होतं त्याचाही इतिहास आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा जाऊन त्या विमुक्त व्हायला १९५२ उजाडलं, शिक्का तर अजून पुसला जात नाही. याच विचाराच्या मुळाशी जाऊन आलेली एक बाई आपल्या जवळची होती. इरावती कर्वे, दापोलीजवळच्या मुरूडचे महर्षी कर्वे यांच्या सूनबाई. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला मानववंशशास्त्र शिकत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेचे मोठे पुरस्कर्ते. विषय दिला: कवटीच्या दोन बाजूंतली असमानता आणि वंश यांचा संबंध. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असा संबंध दिसत नाही. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध, पदवी पणाला लावून! ‘कोकणस्थ असेच’, ‘देशावरचे तसेच’ असं आपण चहाबरोबर बोलतो, तेव्हा मला त्या कवट्या आठवतात.

पुतण्याचं काय झालं

रिपोर्ट बाजूला ठेवून मी पुतण्याला विचारलं, “काय रे, गणितात अडतंय कुठे?”

“काका, सर कुठे आहेत? गेल्या जूनपासून जागा रिकामी आहे. इतिहासाचे सर येऊन उदाहरणं उतरवून देतात.”

काका, म्हणजे आमचे काका, पडवीत काही बोलले नाहीत. दुपारी मुलाला घेऊन बसलो. अपूर्णांकांत घोळ होता, तोही फक्त छेद वेगळे असले की. मी दोन कागद भरून समजावलं, तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे आपल्या जमिनीच्या आणेवारीसारखं.” अगदी तसंच. चार पिढ्यांचे हिस्से त्याने अर्ध्या तासात मांडले, आणि काकांनी १९८७ पासून वकिलाला सांगितलेला आपला हिस्सा दीड आण्याने चुकला होता, असं निघालं. त्यावर संध्याकाळभर घरात वाद चालला.

फाईलचं कव्हर चांगलं जाड होतं. वहिनींनी आतली रंगीत पानं काढून त्यात घराचे सातबारे लावून ठेवले आहेत.